रक्षापात्र आणि त्याचे कर्ते

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तहनामे आणि सनदा यांचीच आठवण व्हावी, असा आपला जुना परिपाठ आहे. तो मोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या लहानसहान वस्तूंवर मनुष्याचा हात दिवसांतून वीस वेळां पडतो, त्यांनाहि स्वतःचा इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां तहनाम्याहून अधिक बोलका असतो. सिगारेटची राख झाडण्याचें भांडें ही अशीच एक वस्तु. संस्कृताभिमानी लेखक तिला 'रक्षापात्र' म्हणतात, घरगुती बोलण्यांत ती 'अ‍ॅश-ट्रे' असते, आणि कोणी तिला 'राखदाणी' असेंहि सुटसुटीत नांव देतात. धूम्रपानाची शिफारस करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. तें व्यसन घातक आहे, हें वैद्यकशास्त्रानें निर्विवाद ठरविलें आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. विसाव्या शतकांत जगांतील नांवाजलेल्या मातकामाच्या कारखान्यांनीं जीं असंख्य रक्षापात्रें घडविलीं, त्यांपैकीं कित्येक आज जुन्या वस्तूंच्या शोकिनांच्या कपाटांत मानानें जाऊन बसलीं आहेत. मग तीं घडविणाऱ्या हातांचें पुढें काय झालें? कोणाचें नांव राहिलें, कोणाचें पुसलें गेलें, आणि कां? मूलसारख्या भातशेतीच्या व अरण्याच्या सीमेवरील गांवीं बसून हा प्रश्न विचारण्याचें प्रयोजन काय, तें लेखाच्या ओघांत वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम रक्षापात्राच्या पूर्वीची स्थिति पाहूं. तंबाखू ही आपल्या देशांत परकी. अकबराच्या दरबारीं ती पोंचली ती विजापुराहून. असद बेग नांवाचा बादशहाचा वकील आदिलशाही राजधानीस गेला होता. तेथून परत आल्यावर, इ. स. १६०४-०५ च्या सुमारास, त्यानें तंबाखू व ती ओढण्याची मौल्यवान् नळी बादशहास नजर केली, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. हुक्क्याचा प्रसार पुढें सर्वत्र झाला, परंतु हुक्क्याला निराळ्या रक्षापात्राची गरज नव्हती. चिलीम हेंच त्याचें रक्षापात्र. कुंभारानें चाकावर काढलेली ती मातीची चिलीम तंबाखू धरी, निखारा धरी आणि राखहि धरी; ती झाडावयाची तर अंगणांत. विडीची गोष्ट त्याहून साधी. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें तोडण्याचा जो मोठा हंगाम चालतो, तो सर्व विडीसाठींच. या पानांच्या व्यापाराचें महत्त्व एवढें कीं, १९६९ सालीं राज्य सरकारनें खास कायदा करून तो आपल्या नियंत्रणाखालीं घेतला. परंतु ज्या प्रदेशानें देशाला विडीचें पान पुरविलें, त्यानें रक्षापात्राची कल्पना कधीं केली नाहीं. विडी ओढणारा सारवलेल्या ओसरीवर नाहीं तर शेताच्या बांधावर बसतो. राख जमिनीवर पडते आणि जमीन ती आपलीशी करते.

रक्षापात्राचा जन्म व्हावयास तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: जमिनीवर गालिचा, गालिच्यावर टेबल, आणि टेबलाभोंवतीं यंत्रानें वळलेली सिगारेट ओढणारी मंडळी. जेम्स बॉन्सॅक या अमेरिकन तरुणानें १८८१ सालीं सिगारेट वळणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें, आणि हातानें वळावयाची चैनीची वस्तु पाहतां पाहतां स्वस्त झाली. आपल्याकडे इंपीरियल टोबॅको कंपनी कलकत्त्यास १९१० सालीं स्थापन झाली. १९१४ च्या महायुद्धानंतर तर सिगारेट हें नव्या राहणीचें चिन्हच होऊन बसलें. क्लब, डाकबंगला, आगगाडीचा वरचा वर्ग आणि सुशिक्षितांचा दिवाणखाना अशा क्रमानें रक्षापात्र आपल्या घरांत शिरलें. यजमान स्वतः ओढीत नसला, तरी पाहुण्यासाठीं तें टेबलावर असे. बिदरच्या ज्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या हुक्क्याचीं बैठीं बुडें चांदीच्या तारेनें मढविलीं, त्यांचेच वंशज पुढें त्याच काळ्या धातूचीं रक्षापात्रें व सिगारेटच्या पेट्या घडवूं लागले. कारागिराचें कौशल्य तेंच राहिलें. गिऱ्हाईक बदललें म्हणून घाट बदलला. हें सूत्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढील सर्व हकीकत त्याच सूत्रानें बांधलेली आहे.

आतां मातीच्या कारखान्यांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड व अमेरिका येथें 'आर्ट पॉटरी', म्हणजे कलात्मक कुंभकाम, या नांवाची एक चळवळ उदयास आली. यंत्रयुगाच्या कारखान्यांत एकजण माती मळतो, दुसरा ती सांच्यांत दाबतो, तिसरा कड घांसतो, चौथा छापील नक्षी चिकटवितो. अशा भांड्यांत कोणाचेंच मन उतरत नाहीं, ही त्या चळवळीची तक्रार होती. आकार, रंग आणि झिलई या तिन्हींवर कलावंताची नजर असावी, आणि शक्य तर त्याची खूण भांड्याच्या बुडावर उमटावी, हें तिचें ध्येय. या चळवळीची एक शाखा थेट मुंबईस येऊन पोंचली होती, ही गोष्ट आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनीं १८५३ सालीं देऊं केलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून मुंबईची कलाशाळा निघाली, व १८५७ च्या मार्च महिन्यांत तिचे वर्ग सुरू झाले. १८६५ सालीं या शाळेंत शिल्पकामाचे शिक्षक म्हणून जॉन लॉकवुड किपलिंग हे तरुण गृहस्थ आले. स्टॅफर्डशायर परगण्यांतील बर्सलेम या कुंभारांच्या नगरींत, 'पिंडर, बोर्न आणि कंपनी' या मातकामाच्या कारखान्यांत, नक्षीकार व घडणकार म्हणून त्यांचा हात तयार झाला होता. त्यांची आणि त्यांच्या पत्नीची ओळख त्याच परगण्यांतील रडयार्ड नांवाच्या तलावाकाठीं झाली. १८६५ च्या डिसेंबरांत मुंबईस त्यांना पुत्र झाला, त्याचें नांव त्यांनीं त्या तलावावरूनच ठेविलें. तोच पुढें 'जंगल बुक' लिहिणारा रडयार्ड किपलिंग.

लॉकवुड किपलिंग यांचें उत्तरायुष्य हें मातकामाच्या कारखान्यांतून निघालेला मनुष्य कोठवर जाऊं शकतो, याचें उत्तम उदाहरण आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटवर, ज्यास आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात, त्यांनीं कोरलेलीं उठावाचीं शिल्पें अद्याप पाहावयास मिळतात. १८७५ सालीं ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख व तेथील संग्रहालयाचे अध्यक्ष झाले, आणि १८९३ पर्यंत तेथें राहिले. शिवणीच्या अरण्यावर, म्हणजे आमच्याच मध्यप्रांताच्या जुन्या अरण्यपट्ट्यावर, पुत्रानें रचलेल्या कथांसाठीं पित्यानें चित्रें काढिलीं. परंतु आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती गोष्ट पुढेंच आहे. १९०१ सालीं पुत्राची 'किम' ही कादंबरी निघाली, तेव्हां या साठी उलटलेल्या वृद्धानें तिच्यासाठीं लेखणी किंवा कुंचला उचलला नाहीं. त्यानें मातीच्या उठावाच्या पाट्या घडविल्या आणि त्यांचीं छायाचित्रें पुस्तकांत छापलीं. बर्सलेमला लागलेली हाताची सवय शेवटीं पुन्हां मातींतच प्रकट झाली. १९११ सालीं त्यांचा अंत झाला. इकडे बर्सलेमचा तो कारखाना १८८० च्या आसपास डौल्टन यांच्या हातीं गेला, आणि फुलदाण्या, पुतळे, रक्षापात्रें असा मोठा पसारा करून २००५ सालीं बंद झाला. रक्षापात्रांच्या शोकिनांना डौल्टनचा शिक्का परिचित आहे. परंतु ज्या कारखान्याच्या जागीं तो शिक्का पुढें उमटूं लागला, तेथेंच आमच्या जे. जे. शाळेचा एक गुरु घडला होता, हें त्यांच्यापैकीं कितीजणांना माहीत असेल?

किपलिंग मुंबईंत असतांनाच शाळेचे दुसरे एक अध्यापक, जॉर्ज विल्किन्स टेरी, यांनीं १८७३ च्या सुमारास कुंभकामाची शाखा उभी केली. त्या कामाला 'वंडरलँड' असेंहि एक आकर्षक व्यापारी नांव मिळालें. भांड्यांचे घाट व रंग दोन झऱ्यांतून आले. एक झरा सिंधचा: तेथील झिलईदार निळी-हिरवी कौलें व सुरया ज्या परंपरेंत बनत, ती मुंबईंत आणण्यांत आली. दुसरा झरा अजिंठ्याचा. जॉन ग्रिफिथ्स यांनीं शाळेच्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्या चित्रांतील वेलबुट्टी, हंस आणि मानवाकृति सुरयांच्या अंगावर उतरल्या. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० सालच्या आपल्या हिंदी कलांवरील ग्रंथांत या मुंबईच्या कामाची दखल घेतली, आणि त्यांतील कित्येक भांडीं लंडनच्या संग्रहालयांत जाऊन स्थिरावलीं. पुढें, १९०७ ते १९१३ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज क्लार्क यांच्या नांवानें शाळेंत प्रयोगशाळा निघाली, तेव्हां तींतहि कुंभकामाला स्थान मिळालें.

येथें एक विलक्षण भेद नजरेस येतो. टेरी, ग्रिफिथ्स, किपलिंग यांचीं नांवें आणि जन्ममृत्यूचीं सालें कोशांत सांपडतात. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांपैकीं पेस्तनजी बमनजी हे चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच शाळेंत १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' घडविणारे गणपतराव म्हात्रे शिल्पकार म्हणून देशभर गाजले. परंतु चाकावर बसून सुरईचा गळा ओढणारे, आव्याचा ताव नजरेनें ओळखणारे, आणि भाजतांना तडे जाऊं नयेत म्हणून रात्र रात्र जागणारे जे कुंभार त्या शाळेंत होते, त्यांचीं नांवें शोधावयास गेलें तर हात रिकामाच परततो. संग्रहालयाच्या फळीवर भांड्यापुढें शाळेचें नांव असतें, क्वचित् टेरी यांचें असतें. चाक फिरविणाऱ्याचें बहुधा नसतें.

याचें कारण द्वेष नव्हे; कारण अधिक खोल आहे. माती मनुष्याकृतीचा आकार घेऊं लागली कीं तिला कला म्हणावें, आणि घागरीचा आकार घेऊं लागली कीं कारागिरी म्हणावें, असा त्या काळच्या शाळेचा समज होता. त्यांत आपला स्वतःचा समज येऊन मिळाला. कुंभाराची विद्या ही जातीबरोबर येणारी. ती तो शिकला नसून त्याला ती 'असते'. तेव्हां तिचा कर्ता कोण हें नोंदविण्याची गरज काय, असें आपणहि मानीत आलों. म्हात्र्यांनीं मातींत केलेल्या कामावर सही असते, कुंभारानें मातींत केलेल्या कामावर बोटाचा ठसा असतो. दोन्ही खुणाच, परंतु एक वाचतां येते, दुसरी येत नाहीं.

हा केवळ पराधीन देशाचा प्रश्न होता, असें मानणें मात्र बरोबर होणार नाहीं. अमेरिकेंतील सिन्सिनाटी शहरीं मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईंनीं १८८० सालीं 'रुकवुड' नांवाची कुंभशाळा काढली. तेथील नियम उत्तम होता: ज्या कलावंतानें भांडें रंगविलें, त्याचीं आद्याक्षरें किंवा खूण बुडावर असावयाची. कातारो शिरायामादानी हा जपानी चित्रकार १८८७ मध्यें तेथें दाखल झाला, आणि मध्यंतरीं कांहीं वर्षें मायदेशीं काढून १९४८ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्याच कारखान्याशीं बांधलेला राहिला. त्याचें उत्तरायुष्य पाहण्यासारखें आहे. १९२९ नंतरच्या आर्थिक मंदींत हातानें रंगविलेल्या महागड्या फुलदाण्या कोणी घेईना. कारखान्यानें बहुतेक चित्रकारांस रजा दिली, आणि सांच्यांतून निघणाऱ्या लहान वस्तूंवर, रक्षापात्रें, कागद दाबण्याचीं वजनें, पुस्तकांच्या टेकण्या अशा वस्तूंवर, दिवस काढिले. ज्या हातानें एके काळीं फुलदाणीवर क्रौंच पक्ष्यांची माळ उडविली, तोच हात म्हातारपणीं सांच्यासाठीं घाट आंखून देऊं लागला. इतकें करूनहि १९४१ सालीं कारखान्याचें दिवाळें वाजलें. आज जुन्या वस्तूंच्या बाजारांत रुकवुडचें कावळ्याच्या आकृतीचें रक्षापात्र हौसेनें विकत घेतलें जातें. घेणाऱ्याच्या मनांत तें वैभवकाळाचें चिन्ह असतें, वस्तुतः तें पडत्या काळाचें अन्न होतें.

दुसरीं दोन चरित्रें याहून निराळीं, पण तितकींच बोधक. मिसिसिपी राज्यांतील बिलॉक्सी गांवचा जॉर्ज ओर हा कुंभार पापुद्र्याइतकीं पातळ, मुडपलेलीं, चुरगळलेलीं भांडीं करी. लोक त्याला वेडा म्हणत. १९१० च्या सुमारास त्यानें चाक कायमचें सोडलें, हजारों भांडीं पेट्यांत भरून ठेविलीं, आणि त्याच्या मुलांनीं त्या जागीं मोटारदुरुस्तीचा कारखाना काढिला. तो १९१८ मध्यें वारला. अर्धें शतक लोटल्यावर एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें त्या पेट्या उघडल्या, तेव्हां जगाला त्याची किंमत कळली. इंग्लंडांतील क्लॅरिस क्लिफ हिची गोष्ट उलट आहे. तेरा वर्षांची असतांना ती मातकामाच्या कारखान्यांत मजूर म्हणून शिरली. १९२७ पासून भडक नारिंगी, पिवळ्या, निळ्या रंगांचीं तिचीं भांडीं, आणि त्यांबरोबर तिचीं रक्षापात्रें, घरोघर गेलीं, आणि प्रत्येकाच्या बुडावर तिचें नांव छापलेलें असे. १९४० मध्यें तिनें कारखान्याच्या मालकाशीं विवाह केला; युद्धानंतर अभिरुचि बदलली; १९६४ मध्यें कारखाना विकून ती एकांतांत राहिली आणि १९७२ मध्यें निवर्तली. मात्र त्याच वर्षीं ब्रायटन येथें भरलेलें आपल्या कामाचें प्रदर्शन तिला ऐकावयास मिळालें. तिच्या हाताखालीं रंग भरणाऱ्या कामकरी मुलींच्या वांट्याला मात्र असा योग क्वचितच आला.

या सर्व हकीकतीचा कळस म्हणावा असा प्रसंग आपल्याच मुंबईशीं निगडित आहे. १९६७ सालीं एअर इंडिया कंपनीनें आपल्या निवडक प्रवाशांस भेट देण्यासाठीं साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराकडून एका रक्षापात्राचा आराखडा करून घेतला. शिंपल्यासारख्या वाटीच्या कडेला सापाचा विळखा, आणि तिला आधार देणारीं तीं हंसाचीं शिरें उलटीं धरलीं असतां हत्तीचीं शिरें भासावीं, अशी त्याची रचना. फ्रान्समधील लिमोज येथें चिनी मातींत अशीं सुमारें पांचशें पात्रें तयार झालीं. मोबदला म्हणून दालीनें पैसे न मागतां हत्तीचें पिल्लूं मागितलें, आणि कंपनीनें तें खरोखरीच बंगळूरहून विमानानें रवाना करून स्पेनपर्यंत पोंचविलें. ही गंमत सर्वतोमुखीं झाली. परंतु वाचकांनीं विचार करावा: दालीनें मातीस हात लावला नव्हता. त्याचें नांव पात्राला चिकटलें. हत्तीच्या पिल्लाचीसुद्धां इतिहासांत नोंद झाली. लिमोजच्या भट्टीपुढें ज्यांनीं तीं पांचशें पात्रें न मोडतां बाहेर काढिलीं, त्यांचें नांव कोणाच्याच तोंडीं नाहीं.

आणि आतां खुद्द रक्षापात्राचाहि काळ सरला आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासांतील धूम्रपान १९९० नंतरच्या दशकांत बंद होत गेलें. आपल्या देशांत २००३ सालीं तंबाखूविषयक कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानाची बंदी कडक झाली. दिवाणखान्यांतून रक्षापात्र नाहींसें झालें, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. गंमत अशी कीं, धूम्रपानास पूर्ण बंदी असलेल्या विमानाच्या शौचालयांत मात्र आजहि रक्षापात्र ठेवावेंच लागतें. कोणी नियम मोडलाच, तर जळतें थोटूक कागदाच्या टोपलींत न पडतां सुरक्षित जागीं विझावें म्हणून. बाकीचीं पात्रें संग्राहकांच्या कपाटांत गेलीं. गरज संपली कीं वस्तु 'प्राचीन' होते व तिची किंमत वाढते. परंतु गरज संपली कीं कारागीर 'प्राचीन' होत नाहीं, तो बेकार होतो. आमच्या मतें या इतिहासाचें सार एवढ्या एका वाक्यांत आहे.

म्हणूनच आम्हांस आमच्या जिल्ह्यांतील एका प्रयोगाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. चंद्रपूरच्या उत्तरेस भद्रावती, म्हणजे जुनें भांदक, हें विजासनच्या बौद्ध लेण्यांसाठीं व पार्श्वनाथाच्या जैन मंदिरासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव आहे. येथें १९५५ सालीं कृष्णमूर्ति मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्यानें ग्रामोदय संघाची स्थापना केली. त्याच्या मागें वर्ध्याची परंपरा होती. महात्माजींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं तेथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला होता, व कुमारप्पा यांनीं त्याची धुरा वाहिली होती. भद्रावतीच्या प्रयोगाचा रोख मुंबईच्या कलाशाळेहून वेगळा होता. मुंबईंत कलावंतानें घाट द्यावा व कुंभारानें तो उतरवावा, अशी रीति. भद्रावतीस कुंभारालाच नवें चाक, नवी भट्टी, नवी माती आणि झिलई यांची विद्या द्यावयाची, व माठ-रांजणांचें गिऱ्हाईक कमी झालें तरी त्याला चाक सोडावें लागूं नये, ही दृष्टि. कोळशाच्या या प्रदेशांत ताव सोसणारी माती आहे, हें त्याला अनुकूल पडलें. पुढें दूरदूरचे कलावंत कुंभकार तेथील भट्ट्यांवर काम करावयास येऊं लागले. बेळगांव जिल्ह्यांतील खानापूर येथेंहि ग्रामीण कुंभकामाच्या शिक्षणाची अशीच एक मध्यवर्ती संस्था चालत आली आहे.

या नव्या वाटेनें जीं माणसें गेलीं, त्यांचीं उत्तरायुष्यें जुन्या पिढीहून निराळीं झालीं. निर्मला पटवर्धन यांनीं आपल्या देशांत मिळणाऱ्या द्रव्यांपासून झिलई कशी साधावी, याचीं सूत्रें आयुष्यभर तपासून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. जी विद्या पूर्वीं घराबाहेर जात नसे, ती कोणाहि विद्यार्थ्याच्या हातीं आली. बिहारच्या कुंभार कुटुंबांत जन्मलेले व मुंबईजवळ भाईंदर येथें स्थिरावलेले ब्रह्मदेव राम पंडित यांस २०१३ सालीं पद्मश्री मिळाली. चाकावर बसणाऱ्या मनुष्याचें नांव राष्ट्राच्या सन्मानयादींत यावें, ही गोष्ट टेरीसाहेबांच्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि आली नसती.

मग मूलनें यांत काय करावें? आमच्या तालुक्याचें वैभव म्हणजे भात. तांदळाच्या गिरण्यांतून तुसाचे ढीग पडतात, व तें तूस पुष्कळ ठिकाणीं जळणांत जातें. शंभर किलो भातामागें सुमारें वीस किलो तूस निघतें, आणि तें जाळल्यावर सुमारें चार किलो राख उरते. या राखेंत शेंकडा ८५ ते ९५ भाग सिकता असते, म्हणजे ज्या द्रव्यापासून कांच होते तेंच द्रव्य. मातीच्या भांड्यावरील झिलई ही मुळांत कांचेचाच पातळ थर. तिला वितळावयास लावणारे चुना व क्षार लाकडाच्या राखेंतून मिळतात. जपानचे कुंभकार भाताच्या तुसाची राख वापरून दुधी रंगाची जी झिलई साधतात, तिला तेथें 'नुका' म्हणतात, आणि ती फार मानली जाते. अर्थात् ती झिलई उतरावयास साध्या आव्याचा ताव पुरत नाहीं. तिला बाराशे अंशांच्या पलीकडचा ताव देणारी भट्टी लागते, व तशा भट्टीचें शिक्षण आपल्याच जिल्ह्यांत उभें राहिलेलें आहे. तूस आमच्या दारांत आहे, लाकूड अरण्याच्या कडेला आहे, चाक चालविणारा हात अजून सर्वस्वीं गेलेला नाहीं. ज्या राखेसाठीं साऱ्या जगानें पात्रें घडविलीं, ती झाडून टाकण्याची वस्तु होती. ही राख पात्राच्याच अंगावर चढवावयाची आहे.

हा धंदा उद्यां भरभराटेल, असें भविष्य आम्ही सांगत नाहीं. रुकवुडला उत्तम कलावंत मिळूनहि गिऱ्हाईक मिळालें नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. गिऱ्हाईकावांचून केवळ कौतुकावर कोणतेंच चाक फिरत नाहीं. म्हणून आमचें मागणें सुशिक्षित कुटुंबांकडे आहे, आणि तें अगदीं माफक आहे. घरांत वापरावयाचीं चार भांडीं तरी, दह्याचा सट, लोणच्याची बरणी, चहाचा पेला, कुंभाराकडून घ्यावीं, आणि घेतांना त्याला आग्रहानें सांगावें कीं, बाबा, बुडावर तुझें नांव व गांव कोर. त्याला त्याचें हंसूं येईल; नांव कशाला, असें तो म्हणेल. तरी आग्रह सोडूं नये. माती ओली असते तोंवर काडीनें चार अक्षरें कोरणें हें क्षणाचें काम आहे. ती भाजून निघाली म्हणजे मात्र कोणत्याहि इतिहासकाराला तीं अक्षरें मागाहून घालतां येत नाहींत.